प्रिंटरला पासवर्ड लावला, तरी प्रिंट निघतेच कशी?

"प्रिंटरला पासवर्ड टाकून द्या" असं साहेब सांगतात. मग कोणीतरी ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून ॲडमिनचा पासवर्ड बदलतं आणि काम झालं म्हणून मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी रंगीत प्रिंट तितक्याच निघतात. निघणारच! कुलूप लावलं ते मीटरच्या पेटीला. दिव्याची बटणं सगळ्यांच्या हाताशी तशीच आहेत.

घोळाचं मूळ हे की दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. ॲडमिन पासवर्ड मशीनची सेटिंग राखतो: आयपी, ॲड्रेस बुक, स्कॅनचे फोल्डर. मशीन कोणी किती वापरायचं हे वापरणाऱ्याचा कोड ठरवतो. कोडच्या या सोयीला कॅननमध्ये डिपार्टमेंट आयडी म्हणतात, रिकोमध्ये युजर कोड, क्योसेरात जॉब अकाउंटिंग आणि ब्रदरमध्ये सिक्युअर फंक्शन लॉक. नावं वेगळी असली तरी काम साधारण तेच.

ॲडमिन पासवर्डबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राउटरचा बदलता तसाच हाही बदला. कॅननच्या अनेक इमेजरनर मशीनवर सिस्टिम मॅनेजरचा (म्हणजे ॲडमिनचा) आयडी आणि पिन दोन्ही ७६५४३२१ असतात, आणि शोधणाऱ्याला ते मिनिटभरात सापडतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने असे सरसकट एकच पासवर्ड बंद केले, त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच मशीनवर प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड लेबलवर छापलेला मिळतो. जुनं मशीन असेल तर हे काम तुमचंच. नवा पासवर्ड मशीनच्या झाकणावर चिकटवून ठेवायचा असेल, तर मुळात बदलूच नका.

आता खरी गोम. डिपार्टमेंट आयडी चालू केला की मशीनचा पॅनल लगेच आयडी आणि पिन मागू लागतो. कॉपी करायला आलेला माणूस अडतो, आणि सगळ्यांना वाटतं की कुलूप लागलं. पण कॉम्प्युटरवरून येणारी प्रिंट पॅनलच्या वाटेने येतच नाही. ती नेटवर्कवरून, बहुतेक वेळा ९१०० पोर्टवर (मशीनचं प्रिंट घेण्याचं नेटवर्कवरचं दार), थेट आत शिरते. सोबत आयडी नसेल तर तिचं काय करायचं, हे एक वेगळंच सेटिंग ठरवतं: 'अलाऊ प्रिंटर जॉब्ज विथ अननोन आयडीज', म्हणजे अनोळखी आयडीच्या प्रिंटही येऊ द्या. ते सहसा चालू असतं. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. क्योसेरात याच जागी 'अननोन आयडी जॉब' असतं. तिथे 'परमिट'चं 'रिजेक्ट' करायचं. ब्रदरमध्ये 'पब्लिक' या ओळीतल्या प्रिंटच्या खुणा काढायच्या.

मात्र हे सेटिंग आधी बंद करू नका. तसं केलंत, तर ज्या कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटरशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आयडी भरलेला नाही त्याच्या प्रिंट मशीन फेकून देतं. स्क्रीनवर बहुधा काहीच दिसत नाही. विंडोज 'प्रिंट झाली' असं समजून रांग रिकामी करतं, आणि लोक केबल हलवत बसतात. आधी प्रत्येक कॉम्प्युटरवर आयडी भरा. कॅननच्या ड्रायव्हरसाठी 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा, 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नव्हे; अर्धे लोक इथेच चुकतात. तिथे 'डिव्हाइस सेटिंग्ज' या टॅबवर 'युजर मॅनेजमेंट'मध्ये 'डिपार्टमेंट आयडी मॅनेजमेंट' निवडा आणि आयडी-पिन भरा. टॅबमधले पर्याय फिके दिसले तर विंडोजचे ॲडमिन हक्क नाहीत, हे ओळखा. प्रिंट करताना दर वेळी आयडी विचारायचीही सोय आहे. दोघांत एक कॉम्प्युटर असेल तर ती चालू ठेवा. एकट्याच्या टेबलावर ती नुसती कटकट आहे.

सगळ्यात शेवटी ते 'अननोन' बंद करा. तरी तक्रारी येतील, आणि त्या ठरलेल्या ठिकाणांहून येतील: मोबाइलवरून येणाऱ्या प्रिंट, कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा साधा ड्रायव्हर टाकलेले लॅपटॉप, आणि थेट ९१०० पोर्टवर बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर. यांच्यापुरती सूट म्हणून सगळ्यांसाठी दार उघडू नका. आयडी पाठवणारा ड्रायव्हर असलेल्या एका कॉम्प्युटरवरून त्यांची वाट काढा आणि त्या कामाला स्वतंत्र आयडी द्या. मग बिलांचा कागद किती जातो, तेही वेगळं कळतं.

कॅननमध्ये आयडी आकडेच असतात, जास्तीत जास्त सात. पुढची शून्यं मशीन मोजत नाही, त्यामुळे १ आणि ००१ हे त्याच्या लेखी एकच. आणि अख्ख्या ऑफिसला एकच आयडी देणार असाल, तर ही सगळी खटपट कशासाठी? किमान विभागवार तरी द्या, आणि रंगीत पानांना मर्यादा घाला.

सिक्युअर प्रिंटचा पिन हा तिसराच प्रकार. तो एका प्रिंटपुरता असतो: पगाराची स्लिप मशीनमध्ये थांबून राहते आणि तुम्ही समोर जाऊन पिन टाकला की बाहेर येते. डिपार्टमेंट आयडीने ट्रेवर पडलेला कागद लपत नाही.

कोणी नोकरी सोडून गेलं तर पिन बदला, आयडी काढून टाकू नका. आयडीबरोबर त्या विभागाचा पानांचा काउंटही जातो. पिन बदलला की तो त्या विभागाच्या प्रत्येक ड्रायव्हरमध्येही बदलावा लागतो, नाहीतर त्यांच्याही प्रिंट गायब होऊ लागतात. म्हणून हे काम महिन्याच्या १ तारखेला, काउंटची यादी छापून झाल्यावर, लोक यायच्या आत उरकावं.