आकाशदर्शनाची पहिली दुर्बीण : घेताना आणि घेतल्यावर

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा

दुकानात दुर्बीण बघायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पॉवर किती?" खोक्यावरही तेच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ५२५ पट, ६७५ पट. आमचं मत विचाराल तर खोक्यावरचा आकडा जितका मोठा, तितक्या लवकर ते खोकं परत फळीवर ठेवावं.

पॉवर दुर्बिणीची नसते, मागे लावलेल्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगावर, ती ठरते. नळीची फोकल लेंथ (भिंगापासून किंवा आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची फोकल लेंथ, एवढाच हिशोब. ७०० मिलिमीटरच्या नळीला २५ मिलिमीटरची आयपीस लावली की २८ पट, १० ची लावली की ७० पट. ४ ची आयपीस आणि तिच्यापुढे पॉवर तिप्पट करणारी बार्लो, म्हणजे एक जादा भिंग, लावली की कागदावर ५२५ भरतात, पण डोळ्याला दिसतो तो एक थरथरणारा धुरकट गोळा. समोरची काच किंवा आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंत चित्र टिकतं. ७० मिलिमीटरला १४० पट, आणि तेही हवा शांत असेल त्या रात्री.

तेव्हा विचारायचा तो व्यास. उजेड गोळा करायचं काम त्याच्याकडे आहे. ७० ऐवजी १३० मिलिमीटर घेतली तर उजेड जवळजवळ साडेतीनपट मिळतो, कारण तो व्यासाच्या वर्गाने वाढतो.

कोणती घ्यावी

शाळेतल्या मुलासाठी, गच्चीवरून बघायला, ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण पुरेशी आहे. हलकी असते, जोडजाड कमी, चंद्र आणि ग्रह छान दिसतात. घरात दोघं-तिघं बघणारे असतील आणि गाडीत घालून गावाबाहेर जायची तयारी असेल, तर १३० किंवा १५० मिलिमीटरची आरशाची, डॉब्सोनियन पद्धतीच्या बैठकीवरची घ्या. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना तारे दाखवायचे. त्यांच्यामुळे ही साधी लाकडी बैठक जगभर पोचली. वर-खाली, डावी-उजवी, बस्स.

विषुववृत्तीय स्टँडच्या मोहात पहिल्या खेपेला पडू नका. तो ध्रुवताऱ्याकडे रोखून जुळवावा लागतो, आणि साताऱ्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो. समोरच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी त्याला झाकायला पुरेशी आहे.

आणखी एक सावधगिरी. फोकल लेंथ १००० मिलिमीटर लिहिलेली आणि नळी मात्र अर्ध्या मीटरची, अशी आरशाची दुर्बीण स्वस्तात मिळते. नळीच्या आत जादा भिंग बसवून ती लांबी भरून काढलेली असते. तिचे आरसे जुळवणं जाणकारालाही जिकिरीचं. आम्ही ती ठेवत नाही.

स्टँडची परीक्षा दुकानातच करा. नळीला टिचकी मारा आणि आयपीसमधून बघा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिरावलं तर ठीक. डुलतच राहिलं तर काच कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. कमकुवत ट्रायपॉडच्या मधोमध पाण्याची भरलेली बाटली लटकवली की बराच फरक पडतो.

आकाशाची ओळखच नसेल तर आधी १०×५० ची (१० पट, ५० मिलिमीटर व्यासाची) दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, असंही आम्ही सांगतो. कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून जितका देखणा दिसतो तितका मोठ्या नळीतून दिसत नाही, कारण तो चौकटीत मावतच नाही.

पहिल्या दिवशी

रात्री उघडून लगेच गुरू शोधायला जाऊ नका. आधी फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन, जुळवा. सूर्य पूर्ण मावळल्यावर थोडा उजेड असतो तेवढ्यात अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या मनोऱ्याचं टोक, सर्वांत कमी पॉवरच्या आयपीसने, म्हणजे २५ च्या, बरोबर मधोमध आणा. मग नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याचा लाल ठिपका त्याच टोकावर बसवा. आता १० ची आयपीस लावून पुन्हा तपासा. मनोरा उलटा दिसेल. दुर्बीण बिघडलेली नाही, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं. भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी आरसा लावल्यावर चित्र सुलट, पण डावं-उजवं बदललेलं येतं.

रात्री नळी बाहेर नेऊन अर्धा तास तशीच ठेवा. घरातली ऊब आरशातून निघेपर्यंत चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. तेवढ्या वेळात डोळेही अंधाराला सरावतात, फक्त मोबाईल खिशात राहू द्या. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल जिलेटिन कागद लावा.

७० पटीला ग्रह दोन-तीन मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो. पृथ्वी फिरते आहे. नळी हळूच ढकलत राहायचं.

काय बघाल, कधी बघाल

भिंतीवरचं कालनिर्णय इथे फार कामाचं. चंद्र बघायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि डोंगर उठून दिसतात. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या जातात, सगळं सपाट दिसतं, शिवाय डोळे दिपतात. अंधुक गोष्टींसाठी अमावस्येच्या आगेमागचे दिवस. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असतेच, तिच्याआधीचा अंधारही वापरता येतो.

गुरूचे चार मोठे चंद्र, जे गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीत दिसले, ते ७० मिलिमीटरमधून सहज दिसतात. तासा-दोन तासांनी पुन्हा बघा, त्यांची जागा बदललेली असते. शनीबद्दल तक्रार घेऊन येण्याआधी हे वाचा : मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, म्हणून काही काळ ती बारीक रेघच वाटते. दरवर्षी ती थोडी थोडी उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. दुर्बिणीत दोष नाही.

थंडीत मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, हेमंताच्या सुरुवातीला देवयानीची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा महासमूह. ती करड्या कापसासारखी दिसते, रंगीत फोटोसारखी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड डोळ्यांत येतो आहे, हे कळल्यावर मात्र मुलं परत एकदा आयपीसला डोळा लावतात.

आपल्याकडची खरी चैन एप्रिल-मे मध्ये, दक्षिणेकडे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा लक्षावधी ताऱ्यांचा गोल गुच्छ युरोपातल्या बहुतेक लोकांना घरून दिसतच नाही. साताऱ्यातून तो सुमारे २५ अंश वर येतो. माची पेठेसारख्या पायथ्याच्या वस्तीत मात्र दक्षिण बाजू किल्ल्यानेच अडवलेली. तिथल्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या पाहुण्याची गच्ची गाठावी.

कुठून बघाल

चंद्र-ग्रहांना पोवई नाक्याचे दिवेही आड येत नाहीत. बाकी सगळ्यासाठी बाहेर पडावं लागतं. यवतेश्वरचा घाट चढून गेलं की फरक लगेच कळतो. चाळकेवाडीचं पठार काळोखाला उत्तम, पण तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. गाडीच्या आडोशाला स्टँड लावा. कासच्या परिसरात वनखात्याचे नियम पाळा, रात्री गवे रस्त्यावर असतात. माण-खटावकडे ज्यांचं गाव आहे त्यांनी कुठेच जायला नको. दहिवडी-वडूजच्या बाजूला पाऊस कमी, आकाश मोकळं. सुट्टीत घरी जाताना दुर्बीण बरोबर न्या.

सूर्य

दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्याकडे क्षणभरही बघू नका. डोळा कायमचा जातो. काही स्वस्त संचांत आयपीसला लावायची काळी सूर्यकाच येते. ती उष्णतेने तडकू शकते, सरळ फेकून द्या. सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर बसणारा प्रमाणित सौर फिल्टरच हवा. दिवसा दुर्बीण गच्चीवर मुलांच्या हाती एकटी सोडू नका.

पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुर्बीण बंदच असते, आणि तेव्हाच ती खराब होते. काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती काचेचा लेप खाते. मूळ कापडी पिशवीत किंवा माळ्यावर गोधड्यांच्या शेजारी ठेवू नका. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नळीची दोन्ही तोंडं झाकून तीही कोरड्या कपाटात. उघडीप पडली की तासभर हवेशीर सावलीत काढा. दवाने काच ओली झाली तर पुसू नका, आपोआप वाळू द्या. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने पुसलेली काच आम्हाला ओरखड्यांवरून ओळखू येते. धूळ फुंकणीच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. आरशाला तर हात लावूच नका, थोड्या धुळीने काही बिघडत नाही.

आरसे जुळवून हवे असतील तर नळी दुकानात आणा. आमच्याकडून घेतलेल्या दुर्बिणीला त्याचे पैसे नाहीत. एसटीने येत असाल तर ती वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या, आणि आयपीस काढून वेगळ्या पिशवीत ठेवा.