पार्श्वभूमी: बर्फ किती पडला आणि फळी किती वेळा पुसली

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात एखादं मोठं वादळ मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या गणितात, दिसायला लागलं की हवामानवेड्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर, किती इंच. मग चार दिवसांनी दक्षिणेकडून गरम दमट हवा येऊन सगळं वितळणार असेल तर त्याबद्दल जेमतेम एक ओळ, ती पण नाक मुरडून. मला हे उलटं वाटतं. पण असं का झालं ते कळायला त्या "किती इंच"ची गोष्ट बघायला लागते. मॉडेल आतून कसं चालतं, कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याने वर कसा सरकतो, थंड हवा डोंगराच्या अलीकडे कशी अडकून बसते, हे इथे सांगत बसत नाही.

फार जुनं थोडक्यात. 1888 च्या मार्चमधलं वादळ सगळ्यांना माहीत आहे, न्यूयॉर्क ठप्प झालं होतं आणि अंदाज साफ चुकला होता. 1890 पासून तिकडे बिनपगारी निरीक्षकांचं अधिकृत जाळं आहे, ठरलेल्या वेळेला रोज एकदा तापमान, पाऊस, बर्फ मोजायचा आणि कळवायचा. शंभरएक वर्षांची बर्फाची आकडेवारी मुख्यतः या लोकांच्या जीवावर उभी आहे. 1950 मध्ये कॉम्प्युटरवर पहिला अंदाज काढला, 1992 च्या शेवटी युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे एन्सेम्बल (तोच अंदाज सुरुवातीत थोडाथोडा फरक करून अनेकदा काढायचा) चालू झालं, आणि तीनच महिन्यांत, 1993 च्या मार्चमध्ये ते प्रचंड वादळ आलं जे जवळपास पाच दिवस आधी पकडलं गेलं. माझ्या मते आजचा हवामानवेडा तिथे जन्माला आला. वादळ येण्याआधीच त्याची वाट बघत बसता येतं ही चटक तिथून लागली.

आता खरा घोळ. "बर्फ किती पडला" आणि "बर्फ किती साचला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तर फ्रीजमधला पण बर्फ, आभाळातून पडतो तो पण बर्फ आणि जमिनीवर साठलेला पण बर्फच, त्यामुळे आपली भाषा इथे अजिबात मदत करत नाही. साचलेला मोजणं सोपं, पट्टी खुपसा आणि वाचा. पडलेला मोजायला पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी उघड्यावर ठेवतात, तिच्यावर जमलेला बर्फ मोजतात, फळी पुसतात, परत ठेवतात, आणि सगळ्या मोजण्यांची बेरीज करतात. गोची त्या पुसण्यात आहे. ताजा बर्फ कापसासारखा असतो, स्वतःच्या वजनानेच दबतो, वाऱ्याने त्याच्या पाकळ्या मोडतात, मग अजून दबतो. म्हणजे 24 तासांनी एकदाच मोजलं तर कमी आकडा येणार, दर सहा तासांनी पुसून मोजलं तर जास्त, आणि दर तासाला पुसलं तर अजून जास्त, आभाळातून तेवढाच बर्फ पडलेला असून. म्हणून नियम असा होता की 24 तासांत जास्तीत जास्त चार वेळा, म्हणजे सहा तासांच्या आत परत पुसायचं नाही.

आता 1997. ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे, न्यूयॉर्क राज्यातच पण न्यूयॉर्क शहरापासून खूप वर. गोठलेलं नसलेल्या सरोवरावरून थंडगार हवा वाहत येते, बाष्प उचलते, पठाराला धडकून अजून वर चढते आणि एका चिंचोळ्या पट्ट्यात नुसती ओतते. पट्टा इतका चिंचोळा की एक गाव गाडलं जातं आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या गावात ऊन असतं. 11 आणि 12 जानेवारीला हा पट्टा माँटेग्यू नावाच्या छोट्याशा गावावर अडकून बसला आणि तिथल्या निरीक्षकाने 24 तासांचा आकडा कळवला 77 इंच. म्हणजे जवळपास 196 सेंटिमीटर, एका दिवसात उंच माणूस गडप. देशाचा विक्रम त्याआधी 75.8 इंचांचा होता.

चौकशीसाठी समिती बसली. त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर कोणाची शंका नव्हती, तो खोटं बोलतोय असं कोणी म्हटलं नाही. पण निघालं असं की 77 ही सहा मोजण्यांची बेरीज होती, चार नाही, आणि त्यातल्या काही मोजण्या सहा तास पूर्ण व्हायच्या आत घेतलेल्या. झालं, आकडा अधिकृत विक्रम म्हणून नामंजूर. फरक किती, तर 1.2 इंच, म्हणजे तीन सेंटिमीटर.

नियमाने बघितलं तर बरोबरच आहे, मी पण आधी तसंच म्हणायचो. सरोवराचा बर्फ सगळ्यात हलका, एक इंच पाण्याचा वीस-तीस इंच बर्फ होतो, तोच सगळ्यात जास्त दबतो, म्हणजे जास्त वेळा पुसण्याचा फायदा तिथेच सगळ्यात जास्त. पण मग ज्या विक्रमाला वाचवलं तो काय होता ते बघा. 14 आणि 15 एप्रिल 1921, कोलोरॅडोच्या डोंगरात दहा हजार फुटांच्या वर सिल्व्हर लेक नावाचं ठिकाण. तिथे 24 तासांचं मोजमापच नव्हतं! मोजलेलं होतं 87 इंच, साडेसत्तावीस तासांत. 1953 मध्ये एका अभ्यासकाने जुनी नोंद तपासली, ती पटण्यासारखी आहे असं ठरवलं आणि त्यातून 24 तासांचा हिस्सा काढला, तो 75.8. म्हणजे एकीकडे प्रत्यक्ष 24 तासांचा आकडा जो जरा जास्त वेळा पुसून आला, आणि दुसरीकडे कागदावर भागाकार करून काढलेला आकडा, आणि जिंकला भागाकार. समितीपुढे प्रश्न नियम पाळला का एवढाच होता हे मान्य, जुन्या आकड्याला आजचे नियम लावले तर जुन्यातलं काय काय उरेल हा प्रश्नही आहेच. तरी मला तो निर्णय अजून टोचतो, कारण सहा मोजण्या असल्या तरी त्या कागदावर होत्या, वेळांसकट. बाकी किती ठिकाणी लोकांनी पाच-सहा वेळा पुसून बेरीज चार वेळची म्हणून कळवली असेल ते कोण तपासणार. ज्याने नीट लिहून ठेवलं तोच पकडला गेला.

ते भूत नंतर उतरलंच नाही. 2016 च्या जानेवारीतलं वादळ घ्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आधी 26.8 इंच जाहीर झाले, 2006 चा विक्रम 26.9, म्हणजे 0.1 ने हुकला, हळहळ. काही महिन्यांनी फेरतपासणीत निघालं की आकडा कळवताना चूक झाली होती, खरे 27.5, मग विक्रम झाला. त्याच फेरतपासणीत शेजारच्या नेवार्क विमानतळाचे 28.1 उडाले कारण तिथे दर तासाला मोजून बेरीज केली होती, माँटेग्यूचीच गोष्ट परत. आणि वॉशिंग्टनच्या विमानतळावर तर मोजायची फळीच बर्फाखाली हरवली, तिथले 17.8 इंच मात्र टिकले. फळी हरवली तरी चालतं, जास्त वेळा पुसलेली चालत नाही, असा याचा अर्थ मी घेतो, समितीवाले अर्थातच असं म्हणणार नाहीत.

मोजण्यातच एवढी मारामारी, मग अंदाजाचं काय सांगायचं. फिरणारे रंगीत नकाशे बहुतेक वेळा मॉडेलने दिलेल्या पाण्याला सरळ दहाने गुणून काढलेले असतात. एक इंच पाणी म्हणजे दहा इंच बर्फ, हा हिशोब खूप जुना आहे आणि सरासरीला ठीक पण आहे, पण ओला जड बर्फ पाचाला एक पण असतो आणि कोरडा विसाच्या वर जातो. काही नकाशे तर बर्फाचे टणक दाणे पडतात ते पण स्नो म्हणूनच मोजतात, मग किनाऱ्याजवळ जिथे खरं दाणे आणि पाऊस होणार तिथे दोन फूट दिसतात. मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, म्हणजे चार वेळा आनंद किंवा चार वेळा सुतक. 2015 च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहरासाठी 20 ते 30 इंच सांगितले होते, बर्फाच्या भीतीने सबवे बंद ठेवली, असं आधी कधी झालं नव्हतं, आणि सेंट्रल पार्कला मिळाले 9.8. वादळ थोडं पूर्वेला सरकलं एवढंच, लाँग आयलंडवर दोन फुटांच्या वर पडला. एका सरकारी अंदाजवाल्याने जाहीर माफी मागितली. तेव्हा युरोपियन मॉडेल चुकलं होतं आणि नुकतंच अपग्रेड झालेलं अमेरिकन जवळ होतं, हे लोक सोयीने विसरतात.

आता वितळण्याकडे येतो, ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो. 1996 च्या 6 ते 8 जानेवारीचं वादळ, फिलाडेल्फियात 30.7 इंच, सगळ्या यादीत असतं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काय झालं ते यादीत नसतं. 19 जानेवारीला दक्षिणेकडून जोरात वारा सुटला, तापमान साठ फॅरनहाइटच्या (साधारण 15-16 सेल्सिअसच्या) आसपास गेलं, वर दोन-तीन इंच पाऊस, आणि डोंगरातला साठलेला बर्फ एका रात्रीत नद्यांमध्ये. हॅरिसबर्गला सस्क्वेहाना नदीत बर्फाच्या लाद्या तुंबल्या आणि 20 जानेवारीला 1890 साली बांधलेल्या जुन्या वॉलनट स्ट्रीट पुलाचे पश्चिमेकडचे गाळे त्या घेऊन गेल्या.

यात लोकांचा एक गैरसमज कायम असतो की पावसाने बर्फ वितळला. पाऊस स्वतः फार काही वितळवत नाही. 25 मिलिमीटर पाऊस 10 अंश सेल्सिअसचा पडला तरी त्याच्या उष्णतेने जेमतेम 3 मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळतो, हिशोब करून बघा. खरं काम दमट वारा करतो. बर्फाचा पृष्ठभाग शून्याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून हवेचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते) शून्याच्या वर असला की बाष्प थेट बर्फावर जमून पाणी होतं, आणि एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना जी उष्णता सुटते त्यात 7 ग्रॅमच्या वर बर्फ वितळतो. म्हणून दाट धुकं आणि वारा एकत्र आले की बर्फ डोळ्यादेखत बसतो. उलट हवा गरम पण कोरडी असेल तर बर्फाची थेट वाफ होते, त्यात उष्णता खर्च होते आणि वितळणं रेंगाळतं. म्हणजे वादळानंतर बघायचा तो ड्यू पॉइंट, थर्मामीटर नंतर. जमीन खाली गोठलेली असेल तर अजून वाईट, पाणी मुरायला जागाच नाही. 1947 ला ब्रिटनमध्ये हेच झालं, जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत बर्फ, मग गोठलेल्या जमिनीवर पाऊस आणि वितळण एकत्र, आणि थेम्सपासून यॉर्कशायरपर्यंत पूर.

अजून एक शब्द, "जानेवारी थॉ". अमेरिकेच्या ईशान्य भागात पिढ्यानपिढ्या समजूत की 20 ते 26 जानेवारीच्या सुमाराला थंडी हमखास चार दिवस सैल पडते, जुन्या सरासरीच्या आलेखात तिथे छोटासा उंचवटा पण दिसतो. 2002 मध्ये काही संशोधकांनी संख्याशास्त्राने तपासलं आणि म्हणाले की 365 दिवसांच्या आलेखात शोधायला बसलात तर कुठे ना कुठे असे उंचवटे निघणारच, हा निव्वळ योगायोगाचा खेळ आहे. ते बरोबर असावेत. पण गंमत अशी की 1996 चा पूर आला तो याच तारखांच्या तोंडावर, त्यामुळे तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे पटवणं अवघड.

बर्फात पाणी किती आहे हे मोजायची पद्धत पण जुनीच आहे, साचलेल्या बर्फात नळी खुपसायची, आतला बर्फ वितळवायचा किंवा वजन करायचा. हा आकडा फळी किती वेळा पुसली त्यावर अवलंबून नाही, दबला तरी पाणी तेवढंच, फार फार तर वाऱ्याने थोडं उडालेलं. नद्यांचा अंदाज काढणारे तोच बघतात, आणि माँटेग्यूच्या वादात पण 77 खरे की 75.8 यावर लोक जेवढं बोलले त्याच्या दहावा हिस्सा पण त्यात पाणी किती होतं यावर बोलले नाहीत. आजही फिलाडेल्फियाचे ते 30.7 दशांशासकट ज्यांना पाठ आहेत त्यांना विचारा की त्यात पाणी किती इंच होतं. गप्प होतात आणि मॉडेलचा पुढचा रन किती वाजता येतो ते सांगायला लागतात.