पार्श्वभूमी : प्रशिक्षणातला हजेरीचा कागद

मागच्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांसाठी मोबाइल सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. पैसा सरकारी योजनेचा. पुढे प्रशिक्षक सांगत होते, आपला नंबर ऊठसूट कुणाला देऊ नका. त्याच वेळी मागच्या रांगेतून दोऱ्याने पेन बांधलेलं एक रजिस्टर हातोहात पुढे येत होतं. अनुक्रमांक, नाव, गाव, संस्था, मोबाइल नंबर, सही. बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या एका ताईंनी नंबरच्या रकान्यात नऊच आकडे लिहिले. संयोजकांनी ते हेरलं. "ताई, एक आकडा राहिला बघा." "राहू द्या की दादा." सगळे हसले, रजिस्टर परत आलं आणि दहावा आकडा पडला.

सरकारी पैशातल्या कार्यक्रमाला नाव, गाव आणि नंबर द्यावाच लागतो, ही समजूत मराठवाड्यात फार जुनी आहे. निजामी काळातल्या 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकापासून, म्हणजे सभेला आगाऊ परवानगी लागायची तेव्हापासून, इथला कार्यकर्ता आपण नोंदवले जातो हे जाणून आहे. पण आजच्या हजेरीपटाचा थेट पूर्वज आहे रोजगार हमीचं मस्टर. १९७२च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडण्याची, बंडिंगची, नाला बांधाची कामं निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं असायची, मुकादमाच्या घरच्यांची असायची, आणि उन्हात राबणाऱ्या बाईचं नाव नेमकं गाळलेलं असायचं. म्हणून मस्टर चारचौघांत वाचून दाखवा, भिंतीवर लावा, ही मागणी कार्यकर्त्यांनीच रेटली. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाचा हिशेब गावासमोर तपासणं, आलं ते राजस्थानातल्या अशाच लढ्याच्या वाटेने. पुढे मजुरांचे जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढवणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांना ते सक्तीचं झालं. प्रशिक्षणाच्या शेवटी बॅनरखाली जो जिओटॅग ग्रुप फोटो काढतात, त्यामागे हीच सवय आहे.

मस्टर उघडं असलं की मजुराचं पोट वाचतं. सुरक्षा प्रशिक्षणाची हजेरी उघडी पडली तर कोण वाचतं, हे मात्र हा कागद इकडून तिकडे आणताना कुणी विचारलेलं दिसत नाही.

इथे हिशेबाचा मुद्दा पुढे केला जातो. केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचा दाखला, 'सामान्य वित्तीय नियम २०१७'मधल्या १२-अ नमुन्यात द्यायचं असतं. त्या नमुन्यात रकमा लागतात आणि ठरलेलं उद्दिष्ट किती गाठलं ते लागतं. हजर असलेल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर त्यात कुठेच मागितलेला नाही. नंबरचा रकाना खालून वर चढत गेलेला आहे. लेखापरीक्षणात शंका नको म्हणून संस्था तो आखते, वरचं कार्यालय पुढच्या वेळी तोच नमुना सगळ्यांना पाठवतं, आणि दोन वर्षांत तो 'नियम' होतो.

खरा गुंता मात्र 'लाभार्थी' या शब्दाचा आहे. प्रशिक्षणाला बसलेला माणूस अहवालात 'सहभागी' म्हणून जात नाही, 'लाभार्थी' म्हणून जातो. लाभ काय, तर चहा, पोहे, एक फोल्डर आणि दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन कसं लावायचं याची माहिती. पण शब्द बदलला की कायद्याचं दार बदलतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख)(१२) प्रमाणे अनुदानाच्या कार्यक्रमातल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता जाहीर करायचा असतो. विहिरीचं अनुदान कुणाला मिळालं हे गावाला कळलंच पाहिजे, यासाठी ही तरतूद. आता वाळूच्या उपशाविरुद्ध अर्ज करणारा गोदाकाठचा एखादा कार्यकर्ता सुरक्षा प्रशिक्षणाला गेला, तर तोही 'लाभार्थी'. याचा अर्थ त्याचं नावसुद्धा जाहीर करायचं का? प्रशिक्षण हा अनुदानाचा कार्यक्रम नव्हे, असं एक पक्ष म्हणतो, आणि कायद्याचे शब्द पाहता त्यांचं म्हणणं मला जास्त पटतं. दुसरा पक्ष म्हणतो, सरकारी रुपया आला की हिशेब उघडा. आज कार्यकर्त्यांना सूट दिली तर उद्या ठेकेदारही मागेल. हे म्हणणारे बरेचसे जुने रोजगार हमीवालेच असतात, त्यामुळे त्यांना सहज झटकून टाकता येत नाही.

वैयक्तिक डेटाच्या २०२३च्या कायद्यातही हा शब्द आडवा येतोच. अनुदान, लाभ, सेवा, दाखला देण्यासाठी सरकारी यंत्रणेला काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरू देणारी तरतूद त्यात आहे. म्हणजे ज्याला 'लाभ' दिला, त्याला पुन्हा विचारायची गरज उरत नाही.

अशी प्रशिक्षणं सरकारी पैशावर का आली, हेही पाहायला हवं. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात बाहेरचा निधी आणि संस्था मोठ्या प्रमाणावर आल्या. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०ला दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला ती रक्कम पुढे देण्यावर बंदी आली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या लहान संस्थेला मिळणारा पैसा त्यामुळे आटला. उरला तो कंपन्यांचा सामाजिक निधी आणि सरकारी योजना. जगाच्या पाठीवर कार्यकर्त्यांच्या डिजिटल सुरक्षेवर सर्वाधिक खर्च करणाऱ्यांत अमेरिकी सरकार होतं. २०२५च्या सुरुवातीला तिथली परदेशी मदत गोठली तेव्हा तोही ओघ अडला. त्या पैशावर काम केलेले अनुभवी प्रशिक्षक देणाऱ्याला नावांऐवजी नुसते आकडे द्यायचा आग्रह धरतात. आपल्याकडे तो आग्रह धरणाऱ्याकडे 'काय लपवताय?' अशा नजरेने पाहिलं जातं.

भीती कुणाची, यावरही एकमत नाही. २०१८पासून कार्यकर्त्यांचे लॅपटॉप जप्त झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये काही भारतीय पत्रकार-कार्यकर्त्यांच्या फोनवर 'पेगॅसस' या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा मारा झाल्याचं उघड झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच होतं का, हे ठरलं नाही. पुण्या-मुंबईच्या चर्चेत हेच येतं. ऊसतोड मजुरांच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचे, वाद सोडवणाऱ्या ताईंना मात्र दिल्लीपेक्षा मुकादमाची धास्ती जास्त. तालुक्याच्या कार्यालयातल्या गठ्ठ्यातली यादी त्याच्यापर्यंत पोचायला एक चहा पुरतो.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलं. त्यानंतर वैयक्तिक डेटाचा कायदा यायला ६ वर्षं लागली आणि नियम यायला आणखी २, थेट नोव्हेंबर २०२५. त्यातही क्रम पाहण्यासारखा आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेली दुरुस्ती, जिच्यामुळे वैयक्तिक माहितीच्या नावाखाली कागद नाकारणं सोपं झालं, ती लगेच लागू झाली. संमती, सूचना आणि माहिती पुसून टाकण्याची कलमं १८ महिन्यांनी. म्हणजे कार्यकर्त्याला अधिकाऱ्याचा कागद मिळणं आधी अवघड झालं. कार्यकर्त्याचा कागद सांभाळण्याची सक्ती मागून येणार.

शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावरचं रजिस्टर त्यात येत नाही. ते पुढे डिजिटल केलं तरच येतं. बीडच्या त्या प्रशिक्षणाचं रजिस्टर दुपारपर्यंत कायद्याच्या बाहेर होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास 'अहवालासाठी' म्हणून त्याच्या तिन्ही पानांचे फोटो ७० जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. ताईंचा दहावा आकडा स्पष्ट दिसत होता.