ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे पोरगा गेला?

अमेरिकी कॉलेज बेसबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मेजर लीगच्या (तिथली अव्वल व्यावसायिक बेसबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव पुकारलं की खेळाडू कॉलेजच्या हातून गेला. तसं काही नाही. कॉलेजकडून खेळायची पात्रता जाते ती व्यावसायिक संघाच्या करारावर सही केल्यावर, नुसतं नाव आल्याने नव्हे.

गेरिट कोल या पिचरचंच बघा. 2008 मध्ये शाळेतून बाहेर पडतानाच न्यूयॉर्क यांकीजनी त्याला पहिल्या फेरीत निवडलं. त्याने सरळ नकार दिला आणि यूसीएलए (लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ) गाठलं. 2011 मध्ये पिट्सबर्गच्या संघाने त्यालाच अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला उचलला!

खरी गंमत कॉलेजच्या प्रशिक्षकाची होते. ड्राफ्ट हल्ली जुलैत, आणि ऑगस्टमध्ये कॉलेजं सुरू. घाव दोन्हीकडून बसतो: तिसरं वर्ष संपवलेले तयार खेळाडू जाऊ शकतात, आणि येऊ घातलेली शाळकरी पोरंही. सह्यांची मुदत संपेपर्यंत संघ कागदावरच. त्यात तिसऱ्या वर्षानंतर परतणं म्हणजे जोखीमच, कारण चौथं वर्ष संपलेल्याला कराराच्या पैशांवर घासाघीस करायला फारसा वाव उरत नाही. म्हणून वरच्या फेऱ्यांतले बहुतेक सही करून मोकळे होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, नियमच तसा आहे.