पहाटेचं स्वप्न आणि अजनीची गाडी

गार्डकाकांचं स्वप्न असं होतं. नागपूरच्या अजनी स्टेशनहून गाडी सुटायची आहे. काका ब्रेकव्हॅनपाशी उभे, अंगात पांढरा गणवेश, पायात मात्र एकच चप्पल. हिरवा झेंडा काढायला लाइन बॉक्स, म्हणजे गार्डची सामानाची पेटी, उघडतात, तर आत गच्च संत्री. एकेक संत्रं काढून फलाटावर ठेवत जातात, पण खाली झेंडा काही हाताला लागत नाही. तेवढ्यात गाडी हलते आणि त्यांना न घेताच निघून जाते.

"रिटायर होऊन आठ वर्षं झाली," काका म्हणाले, "तरी रात्री ड्यूटी करूनच राहिलो मी!"

रविवारी सकाळी धरमपेठेतल्या एका गच्चीवर आम्ही नऊ-दहा जण जमतो. आधी तर्री पोहे, मग स्वप्नं. सुरुवात झाली ती फ्रॉइड आणि युंग हे मनाचा तळ धुंडाळणारे दोघे समजून घेऊ म्हणून. वाचता वाचता लोक आपापली स्वप्नं सांगायला लागले आणि पुस्तकं मागे पडली. आमच्यात मानसोपचार करणारं कुणी नाही. गणिताच्या निवृत्त बाई आहेत, आर्किटेक्चर शिकणारा एक मुलगा आहे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरभाऊ आहेत, शिवाय ज्यांच्या घराची गच्ची त्या काकू.

काकूंनी लगेच विचारलं, "पहाटे पडलं का हो? पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात."

खरं होतं की नाही, याची हमी मी देणार नाही. पण पहाटेच का, याला पक्कं कारण आहे. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक विचित्र अवस्था नोंदवली. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, मेंदूच्या लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या दिसतात, हातापायांचे स्नायू मात्र लुळे पडलेले असतात. 'रॅपिड आय मूव्हमेंट' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला 'रेम' झोप म्हणतात. या अवस्थेतून उठवलेली माणसं बहुतेक वेळा रंगतदार स्वप्न सांगतात. रात्रभरात साधारण दीड-दीड तासाची चार-पाच आवर्तनं होतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेम जेमतेम काही मिनिटं. जसजशी रात्र सरते तसतशी रेम लांबत जाते. शेवटची खेप अर्ध्या तासाचीही असू शकते. म्हणजे पहाट हा स्वप्नांचा भर हंगाम. त्यातून थेट जाग आली तर स्वप्न हाती लागतं, नाहीतर विरून जातं. रेममध्ये मेंदूतलं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन अगदी खाली गेलेलं असतं आणि आठवण पक्की करायला ते लागतं. म्हणून जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे न उघडता दोन मिनिटं पडून राहा, असं आम्ही नव्या माणसाला सांगतो. मोबाइल हातात घेतला की संपलं.

रेम चालू असताना कपाळामागचा, 'हे कसं शक्य आहे?' असं विचारणारा भाग मंदावलेला असतो, तर भावना आणि दृश्यं सांभाळणारे भाग जोरात चालू असतात. लाइन बॉक्समध्ये संत्री पाहून काकांना स्वप्नात जराही नवल वाटलं नाही, ते यामुळेच. स्वप्नं फक्त रेममध्येच पडतात असं मात्र नाही. मार्क सोल्म्स या मेंदूतज्ज्ञाने मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं की रेम आणि स्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नागपूरकरांसाठी एक जादा माहिती. रेममध्ये शरीराची तापमान सांभाळायची यंत्रणा जवळजवळ बंद असते, त्यामुळे उकाड्यात ही झोप तुटते. मे महिन्यात रात्री वीज गेली, कूलर थांबला की सगळा मोहल्ला टक्क जागा, आणि प्रत्येकाच्या हातात एक अर्धवट स्वप्न. आमच्या गटात उन्हाळ्यात स्वप्नांचं पीक जोरदार येतं. झोपेचं वाटोळं होतं ते वेगळंच.

आता मनाच्या खोलीची गोष्ट. मनाचा मोठा भाग आपल्या जाणिवेच्या तळाशी असतो आणि तिथून आपल्याला हलवत राहतो, असं मानणाऱ्या विचारधारेला गहन मानसशास्त्र म्हणतात. मराठीत या तळाला 'नेणीव' असा देखणा शब्द आहे. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ 1899 च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला, प्रकाशकाने त्यावर 1900 छापलं. 600 प्रती खपायला आठ वर्षं लागली. स्वप्न म्हणजे दडपलेली इच्छा वेषांतर करून येते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं पुढे टिकलं नाही. मात्र दिवसातली फुटकळ गोष्ट रात्री स्वप्नात शिरते, हे त्याचं निरीक्षण पक्कं ठरलं. कधी ती त्याच रात्री येते, कधी पाच-सात दिवसांनी. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणणाऱ्यांना हे शिकायला व्हिएन्नाला जावं लागलं नव्हतं. काकांची संत्री? आदल्या गुरुवारी ते कळमन्याच्या बाजारात जाऊन पेटी घेऊन आले होते.

आपल्याकडे हा विचार लवकर पोचला. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 सालीच कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्याच्याशी मतभेद मांडायला ते कचरत नसत.

युंग फ्रॉइडपासून 1913 च्या सुमारास दुरावला. त्याचं म्हणणं, स्वप्न काही लपवत नाही. जागेपणी आपण एकाच बाजूला कलतो, स्वप्न दुसऱ्या बाजूला वजन टाकतं. स्वतःतलं जे आपल्याला नकोसं असतं, त्याला तो 'सावली' म्हणे. हे प्रयोगशाळेत तपासणं अवघड आहे, त्यामुळे मी ते विज्ञान म्हणून सांगत नाही. बघायची एक रीत म्हणून सांगतो. ही सावली गटात कुणालाच नीट कळेना. शेवटी पेंटरभाऊ म्हणाले, "म्हणजे मारबत ना!" नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, रस्त्यावरून नेतात, सोबत वर्षभरात ज्यांचा राग आला त्यांचे पुतळे, म्हणजे बडगे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर करत सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. युंगने मारबत पाहिली नव्हती. तो म्हणाला असता की जाळण्याआधी तिच्याशी चार शब्द बोला. पण बांबू आणि कागदाची सावली गावभर मिरवायची कल्पना या शहराला 1880 च्या दशकापासून सुचलेली आहे, हे विसरू नये.

गटात स्वप्नाचा अर्थ सांगायला बंदी आहे. साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक, हे चालत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उल्मन यांनी गटात स्वप्नं ऐकायची एक पद्धत घडवली, ती आम्ही वापरतो. ऐकणाऱ्याने बोलायचं ते स्वप्न स्वतःचं मानून. ज्याचं स्वप्न, त्याने हवं ते घ्यावं, नको ते सोडावं. काकांच्या स्वप्नावर बरेच जण बोलले, निवृत्ती, हरवलेपण वगैरे. मग आर्किटेक्चरवाला मुलगा म्हणाला, "हे स्वप्न माझं असतं, तर गाडी गेल्यावर मला हायसं वाटलं असतं."

काका बराच वेळ पोह्यांची रिकामी प्लेट हातात धरून बसले. "हो," ते म्हणाले. "तेच सांगायचं राहिलं. मी तिथंच फलाटावर बसून संत्रं सोलत होतो."

(ज्यांना एखाद्या आघातानंतर तीच भीतीदायक स्वप्नं पुन्हा पुन्हा पडतात, त्यांच्यासाठी गच्ची नव्हे, मनोविकारतज्ज्ञ. दुःस्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून त्याची रोज उजळणी करायची, असा उपचार आहे आणि तो अनेकांना लागू पडतो.)

स्वप्नातून नवं काही सुचतं का, यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाचं उदाहरण नेहमी निघतं. नसा हृदयाशी रसायनाच्या मार्फत बोलतात हे दाखवणारा बेडकांच्या हृदयांवरचा प्रयोग त्याला स्वप्नात दिसला. रात्री उठून त्याने चिठोऱ्यावर खरडलं. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच परत आलं, तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला. या कामासाठी त्याला 1936 चं नोबेल मिळालं, हेन्री डेल त्यात वाटेकरी होते. पण मूळ कल्पना त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं पडून होती, हे गणिताच्या बाई दर वेळी ठणकावून सांगतात. आणि तुकोबांना नामदेवांनी स्वप्नात येऊन अभंग रचायचं काम दिलं, त्यामागेही आयुष्यभराचं भजन होतंच. त्यांच्याच गुरूपदेशाच्या स्वप्नातला एक तपशील मला फार आवडतो: गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं. साक्षात्कारात पावशेर तूप! असलं काही रचून सांगायला कुणाला सुचत नाही. स्वप्नंच अशी असतात.

प्रयोगही झालेत. 2004 मध्ये जर्मनीत आकड्यांचं एक कोडं दिलं गेलं, ज्यात एक छुपी सोपी वाट होती. रात्रभर झोपून उठलेल्यांपैकी सुमारे 59 टक्क्यांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी 23 टक्क्यांना. 2021 मध्ये पॅरिसच्या गटाने तसंच कोडं देऊन डोळा लागतानाच्या क्षणांवर बोट ठेवलं. हातात वस्तू धरून आरामखुर्चीत पडायचं, डुलकी लागली की वस्तू पडते आणि जाग येते. या हलक्या झोपेत निदान 15 सेकंद गेलेल्यांपैकी 83 टक्क्यांना वाट सापडली; जागे राहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना, आणि जे आणखी खोल गेले त्यांच्यातल्या 14 टक्क्यांनाच. मग 2025 मध्ये जर्मनीतल्या दुसऱ्या एका अभ्यासात, कोडं वेगळं होतं, तर उलटच दिसलं: किंचित खोल गेलेलेच पुढे. विज्ञान असंच अडखळत चालतं. बाईंनी दोन्ही निकाल वहीत शेजारीशेजारी लिहून मध्ये प्रश्नचिन्ह काढलंय.

पेंटरभाऊंना प्रश्नचिन्हाशी देणंघेणं नव्हतं. चष्म्याच्या दुकानाची एक पाटी पंधरा दिवस अडली होती. भर दुपारी कूलरसमोर ते खुर्चीत पडले, हातात चमचा, खाली स्टीलची थाळी. पहिल्यांदा चमचा पडला तेव्हा काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा शेजाऱ्याचा कुत्रा दिसला. तिसऱ्यांदा वहिनी आतून ओरडल्या, पण तोवर त्यांना 'डोळे' मधला ळ नाकावर टेकलेला दिसला होता. दोन गोल, मध्ये दांडी. त्यांनी तो रविवारी कागदावर काढून आणला.

"तीस वर्षं ळ काढून राहिलो मी," ते म्हणाले, "मले कधी चष्मा दिसला नाही त्यात."

दुकानाच्या मालकाला मात्र साधीच पाटी हवी आहे, आणि फोन नंबर मोठा.