रेघ कुठे वाकते

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. कर्करोगावरचे उपचार आणि संशोधन तिथं एकाच आवारात चालतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग झालेल्या कुठल्याही माणसाच्या फायलीत एका तपासणीचे रिपोर्ट दर काही महिन्यांनी जमा होत जातात. तपासणीचं नाव बीसीआर-एबीएल. पेशीतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी चिकटतात, हे जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीतून तयार झालेला बीसीआर-एबीएल हा जोडजनुक एक असं प्रथिन बनवतो, जे पेशीला सतत ‘विभागत राहा’ असंच सांगतं. त्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि या आजाराचं चित्रच पालटलं.

रक्तात हा जोडजनुक किती उरला, याची टक्केवारी रिपोर्टवर असते. १०, मग १, मग ०.१. घरचे लोक आकडा मागच्यापेक्षा उतरला का, एवढंच बघतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहे. पण हे सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर मांडले, की आणखी काहीतरी दिसू लागतं. आकडा किती उतरला यापेक्षा तो कोणत्या वेगानं उतरला आणि तो वेग कुठे बदलला, यात शरीराच्या आतली जास्त माहिती असते. प्रणाली जीवशास्त्र, म्हणजे सिस्टिम्स बायोलॉजी, या विषयाचं मर्म मला इथं दिसतं. पेशीत कोणकोणती प्रथिनं आहेत याची यादी केली की काम संपत नाही. कोण किती वेगानं बनतं आणि किती वेगानं संपतं, हे समीकरणात मांडावं लागतं.

या पद्धतीची ताकद जगाला एचआयव्हीच्या अभ्यासातून कळली. संसर्गानंतर कित्येक वर्षं रुग्णाच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण जवळपास स्थिर दिसायचं, त्यामुळे विषाणू या काळात जणू झोपलेला असतो असा समज होता. ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेआठला बघा आणि पावणेनऊला बघा, गर्दी तेवढीच असते, पण माणसं तीच नसतात. चढणारे जिने क्षणभर बंद केले, तर पूल किती वेगानं रिकामा होतो यावरून मिनिटाला किती माणसं पुलावरून जात होती, हे काढता येईल. डेव्हिड हो, अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. संसर्ग पसरवू शकणाऱ्या नव्या विषाणूंची निर्मिती रोखणारं औषध पाच रुग्णांना दिलं, थोड्या थोड्या वेळानं रक्ताचे नमुने घेतले आणि उतरणीला समीकरणं लावली. १९९६ मध्ये आलेलं उत्तर थक्क करणारं होतं. शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणू तयार होत होते आणि जवळपास तेवढेच नष्ट होत होते. रक्तातले निम्मे विषाणू संपायला सहाएक तास पुरत होते.

पुढचा हिशेब तर वहीत करता येण्याजोगा आहे. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे १०,००० अक्षरांचा. नक्कल करताना साधारण दर तीन प्रतींमागे एक चूक होते. रोज १००० कोटी प्रती निघत असतील, तर शक्य असलेली प्रत्येक एकेरी चूक शरीरात दररोज कुठे ना कुठे घडतच असणार. म्हणजे एकट्या औषधाला दाद न देणारा विषाणू औषध सुरू होण्याआधीच हजर असतो. तिन्ही औषधांना चुकवणाऱ्या चुका एकाच प्रतीत जमून येणं मात्र अवघड. तीन औषधं एकत्र देण्यामागचा तर्क या आकड्यांनी पक्का केला. आज एचआयव्हीचे रुग्ण दीर्घायुष्य जगतात, त्यात या गणिताचा वाटा आहे.

आता पुन्हा सीएमएलकडे येऊ. २००५ मध्ये फ्रान्झिस्का मिखोर आणि सहकाऱ्यांनी इमॅटिनिब घेणाऱ्या १६९ रुग्णांच्या नोंदी घेतल्या आणि रक्तपेशींच्या घडणीचं एक मॉडेल त्यांना लावलं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून मधल्या पूर्वज पेशी, त्यांच्यापासून रक्तात फिरणाऱ्या परिपक्व पेशी, अशी उतरंड. प्रत्येक पायरीला एक समीकरण: वरून आलेल्या, अधिक नव्यानं झालेल्या, वजा मेलेल्या. लॉग मापाच्या कागदावर, जिथे १० ते १ आणि १ ते ०.१ ही अंतरं सारखीच असतात, रुग्णांची रेघ दोन उतारांची निघाली. सुरुवातीला रोज सुमारे ५ टक्के घट, म्हणजे दोन आठवड्यांत निम्म्या पेशी गेल्या. मग रेघ वाकते आणि घट रोज ०.८ टक्क्यावर येते, म्हणजे निम्मं व्हायला जवळपास तीन महिने. मॉडेलनं याचा अर्थ लावला तो असा: पहिला उतार परिपक्व पेशी संपण्याचा, दुसरा पूर्वज पेशी संपण्याचा. आणि सर्वांत वरच्या मूळ पेशी? त्यांना हे औषध संपवत नाही, असं मॉडेलचं म्हणणं होतं. मज्जेत सुई न घालता, निव्वळ रक्ताच्या रिपोर्टवरून आतल्या पायऱ्यांचा असा वेध घेता येतो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

पण वर्षभरातच, २००६ मध्ये, जर्मनीत इंगो रोएडर यांच्या गटानं दुसरं मॉडेल मांडलं. त्यात मूळ पेशी कधी सुप्त असतात, कधी विभागत असतात, आणि औषध विभागणाऱ्यांनाच गाठतं. दोन उतारांची रेघ याही मॉडेलातून निघाली. भाकीत मात्र वेगळं होतं. या मॉडेलाप्रमाणे मूळ पेशीसुद्धा हळूहळू, खूप काळ लावून, घटत जायला हव्यात. नोंदींशी दोन्ही मॉडेलं जुळत होती, आणि ‘गोळी कधीतरी बंद करता येईल का?’ या रुग्णाच्या प्रश्नावर दोन्हींकडून वेगवेगळी उत्तरं मिळत होती.

मॉडेल आकड्यांशी जुळलं म्हणजे ते खरं ठरलं, असं मानण्याचा मोह जुना आहे, आणि त्याचं गाजलेलं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. साथीच्या गणिताचा पाया घालणारा कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा निबंध मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या आठवडी मृत्यूंवर घासूनपुसून बसवलेला आहे. आलेख इतका छान जुळतो की पुढं कित्येक वर्षं तो पाठ्यपुस्तकांत छापला गेला. पण तिथं संसर्गाचे दर वर्षभर स्थिर धरले होते. मुंबईत प्लेग त्या काळी वर्षानुवर्षं साधारण त्याच ऋतूत चढायचा आणि उतरायचा, कारण त्यामागे उंदीर होते, पिसवा होत्या आणि पिसवांना मानवणारी हवा होती. ऋतूनं केलेलं काम समीकरणानं दुसऱ्याच कारणाच्या नावावर टाकलं होतं.

सीएमएलच्या बाबतीत निवाडा रुग्णांकडूनच आला. फ्रान्समधल्या चाचणीत, किमान दोन वर्षं रिपोर्टमध्ये आजार सापडलेला नाही अशा १०० रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली थांबवली गेली. २०१० मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतलेला नव्हता. ज्यांच्यात परतला, त्यांच्यात बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यातही आला. ‘कधीच बंद करता येणार नाही’ हे खरं नव्हतं आणि ‘पुरेसा वेळ दिला की सगळ्यांची बंद होईल’ हेही नाही. या चाचणीच्या बळावर कुणी आपल्या मनानं गोळी सोडू नये. तिथं दर महिन्याला तपासणी होत होती.

हे असं का, याची एक किल्ली ‘सापडला नाही’ या शब्दांत आहे. निदानाच्या वेळी शरीरात कर्करोगाच्या पेशी साधारण एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. तपासणी लाखात एक इथपर्यंत पोचते असं धरलं, तरी रिपोर्ट कोरा येतो तेव्हा एक कोटी पेशी उरलेल्या असू शकतात. दुसऱ्या एखाद्याच्या शरीरात त्या शंभरच असतील. कागदावर दोघंही सारखेच. विश्लेषण करणारा माणूस इथं चुकला तर सगळं बिघडतं: त्या जागी शून्य लिहिलं तर लॉग काढता येत नाही, आणि त्या ओळी गाळून टाकल्या तर सर्वांत बरे होणारे रुग्णच हिशेबातून बाहेर जातात. ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ अशी वेगळी नोंद ठेवून त्यासाठीची संख्याशास्त्रीय पद्धत वापरावी लागते. दिसायला हे कारकुनी काम आहे, पण मॉडेलचा शहाणपणा यावरच उभा असतो.

म्हणूनच अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ठाण्या-वाशीच्या घराघरांत ‘डॉक्टर व्हायचंय ना, मग मॅथ्स सोड’ असा सल्ला दिला जातो तेव्हा मला वाईट वाटतं. बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही ठेवणारी मुलं या विषयाला हवी आहेत, आणि पायथन किंवा आर या संगणकाच्या भाषा शिकायला आज महागडं यंत्रही लागत नाही.

काम तर दाराशी आलेलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, कर्करोगाच्या पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखायला शिकवून, परत शरीरात सोडतात. गोळीचं प्रमाण शरीरात शिरल्यावर कमी होत जातं. या पेशी मात्र शत्रू दिसला की वाढतात, शत्रू संपत आला की ओसरतात. बाटलीतल्या पेशी मोजून खरा डोस कळत नाही. एकाच्या शरीरात त्या किती वाढतील आणि दुसऱ्याच्या किती, यात मोठा फरक पडतो. मिखोर यांच्या उतरंडीत वरून खालीच वाहणारे प्रवाह होते; इथं दोन संख्या एकमेकींना वाढवतात आणि घटवतात, आणि सीडी१९ गमावून निसटणारी कर्करोगाची पेशी ही तिसरी संख्या. अशा समीकरणांतले दर ठरवायचे तर पेशी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले नमुने हाताशी लागतात, कारण चढ आणि उतार दोन्ही तेव्हाच होतात. तेव्हा न घेतलेला नमुना पुढं कुठल्याही संगणकाला भरून काढता येत नाही.