सीएसआर केलं म्हणजे कंपनी जबाबदार झाली का?

झेडपीच्या शाळेत डिजिटल क्लासरूम होते, भिंतीवर 'अमुक कंपनीच्या सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) निधीतून' अशी पाटी लागते, फोटो लिंक्डइनवर पडतात आणि खाली कमेंट ठरलेली, किती जबाबदार कंपनी! मग कधीतरी त्याच कंपनीच्या सप्लायरकडे कामगारांची बोंब होते आणि तेच लोक विचारतात, आता कुठे गेलं यांचं सीएसआर? दोन्ही कमेंटमध्ये घोळ एकच आहे. सीएसआरचा खर्च एक आणि धंदा करतानाची जबाबदारी दुसरी, यांचं खातं एक नाहीच.

खर्चाचं आपल्याकडे सोपं आहे कारण तो कायद्यातच आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू 1 एप्रिल 2014 पासून. आदल्या वर्षी नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करायचे. कशावर, तर अनुसूची 7 मध्ये यादी आहे, शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण वगैरे. अमेरिकेत अशी सक्ती नाही, तिथे कंपन्या आपापल्या मर्जीने देतात, उदा. सेल्सफोर्सचं 1999 पासूनचं 1-1-1, म्हणजे 1 टक्का शेअर्स, 1 टक्का प्रॉडक्ट, 1 टक्का कर्मचाऱ्यांचा वेळ. चांगलंच आहे, पण हाही देण्याचाच हिशोब.

आता गंमत बघा. आपल्या सीएसआर नियमांत काय धरायचं नाही याचीही यादी आहे. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम धरायचं नाही, स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम धरायचं नाही आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने जे करायलाच हवं तेही धरायचं नाही. म्हणजे कंपनीने स्वतःच्या कामगारांचं हॉस्टेल सुधारलं, पगार वेळेवर दिला, फॅक्टरीचं सांडपाणी नियमाप्रमाणे साफ केलं, तर सीएसआरमध्ये त्याचा एक रुपया मोजला जात नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर पगारसुद्धा दान म्हणून दाखवला असता. पण याचाच अर्थ 2 टक्क्यांचा आकडा बघून कामगार कसे राहतात हे कळायचा काही मार्गच नाही. देवळाला घसघशीत देणगी दिली म्हणून दुकानातलं माप बरोबर असतं असं थोडंच आहे!

श्रीपेरुंबुदूरचं उदाहरण घ्या. चेन्नईजवळ फॉक्सकॉनच्या प्लांटमध्ये ॲपलसाठी आयफोन बनतात, बहुतेक कामगार तरुण मुली, राहायला हॉस्टेलमध्ये. डिसेंबर 2021 मध्ये हॉस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली, दीडशेच्या वर मुली हॉस्पिटलमध्ये गेल्या, बाकीच्या चेन्नई-बेंगळुरू हायवेवर बसल्या आणि प्लांट बंद पडला. ॲपलने तपासणी केली, काही हॉस्टेल आणि जेवणाच्या खोल्या आपल्या निकषांत बसत नाहीत हे मान्य केलं आणि प्लांटला प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली टाकलं. त्याच्या वर्षभर आधी कोलारजवळ नरसापुरात ॲपलच्याच दुसऱ्या सप्लायरच्या, विस्ट्रॉनच्या प्लांटमध्ये पगार कमी आणि उशिरा मिळतो म्हणून तोडफोड झाली होती, तिथले बरेच कामगार कंत्राटी, तिथेही प्रोबेशन, दुरुस्ती होईपर्यंत नवीन काम बंद. (तो प्लांट पुढे टाटांनी घेतला.) या दोन्ही ठिकाणी कामाला आलेली गोष्ट म्हणजे ॲपलची सप्लायरसाठीची आचारसंहिता, ती 2005 पासून आहे. म्हणजे कागदावर सगळं होतं, तरी मुली रस्त्यावर आल्या तेव्हा हललं. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, कारण इथे कंपनीला दोन पैसे द्यायचे नसतात, मालाचा भाव आणि डेडलाइन सैल करायची असते, आणि ते जास्त जिवावर येतं.

नैरोबीतही तेच, 2022 मध्ये फेसबुकसाठी कंटेंट तपासणाऱ्या एका माजी मॉडरेटरने फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि 'समा' नावाची कंत्राटदार कंपनी, दोघांवर केस केली. काम कंत्राटदाराकडे, त्यामुळे आधी हात वर करणं सोपं.

कार्बनचंही असंच. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये सांगितलं की 2030 पर्यंत आम्ही कार्बन निगेटिव्ह होणार, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडतो त्याहून जास्त काढून घेणार. 2024 च्या त्यांच्याच रिपोर्टमध्ये उत्सर्जन 2020 च्या तुलनेत साधारण 29 टक्के वाढलेलं, कारण डेटा सेंटर बांधायची म्हणजे स्टील, सिमेंट, चिप्स, आणि यातलं बरंचसं सप्लायरकडे होतं. त्यांनी आकडा लपवला नाही, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण झाडं लावून हा आकडा खाली येत नाही.

मग बघायचं कुठे? खर्चासाठी सरकारचं राष्ट्रीय सीएसआर पोर्टल आहे, कंपनीचं नाव टाका, कुठल्या राज्यात कशावर किती ते दिसतं. वागणुकीसाठी सेबीचा बीआरएसआर नावाचा रिपोर्ट, 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा, त्यात टीसीएस, इन्फोसिस येतात आणि कंत्राटी कामगार, वेतन, तक्रारी असलं सगळं विचारलेलं असतं. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आपल्या शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे त्यांना हा रिपोर्ट लागू नाही. भारतातल्या त्यांच्या कंपनीने शाळेवर किती घातले ते पोर्टलवर मिळेल, पण इथल्या फॅक्टरीत काय चाललंय ते त्यांच्या जगभराच्या रिपोर्टमधून शोधत बसायचं, आणि तिथे श्रीपेरुंबुदूर वेगळं काढून दिलेलं नसतं.